आखाजीची गाणी फोनवर घेतली, आता ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. फुकटात नीट एडिटिंग कशात होईल?

अमळनेरची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, आधीच सांगते.

आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणायची गाणी, गौराईची, कानबाई देवीची, जात्यावरच्या ओव्या, सगळं तोंडपाठ आणि सगळं अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीत. कागदावर एक अक्षर नाही. त्यांना लिहिता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांनी लिहून घेतलं नाही. त्यात मीही आलेच, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. गेल्या थंडीत त्या महिनाभर अंथरुणाला खिळल्या तेव्हा जाग आली. मग यंदा आखाजीच्या आधी अकरा दिवस, रोज दिवेलागणीनंतर, फोन पिठाच्या डब्याला टेकवून त्यांना समोर बसवलं आणि गाऊन घेतलं. जवळपास सहा तासांचं शूटिंग जमलंय.

आता श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते तेव्हा सगळे भाऊबंद गोळा होतात. सुरत, पुणे, नाशिक, जिथे जिथे पांगलेत तिथून येतात. त्या रात्री टीव्हीवर चाळीसेक मिनिटांची फिल्म दाखवायची असं मी बोलून बसले. आता माघार घेता येत नाही.

लॅपटॉप मुलाचा, बारावीनंतर घेतलेला. आय-थ्री, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही. आधी फोनवरच एका ॲपमध्ये जोडून पाहिलं, तर कोपऱ्यात त्यांचा शिक्का आणि शिक्का काढायला दर महिन्याचे पैसे. मग एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. त्यांनी एक महागडं सॉफ्टवेअर पॅच मारून टाकून दिलं, तीनशे रुपये घेतले. आठवड्यात लॅपटॉपवर आपोआप जाहिराती उघडायला लागल्या, सगळं पुसून विंडोज पुन्हा टाकावं लागलं. फायली पेनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचले. तेव्हा आता चोरीचं काही नको.

अडचणी अशा:

फाईल सुरू होते तेव्हा ओठ आणि आवाज बरोबर असतात. वीस-पंचवीस मिनिटांनी गाणं पुढे जातं आणि सासूबाईंचं तोंड मागून हलत राहतं. त्यांनी पाहिलं तर म्हणाल्या, "मन्हा आवाज कथा गया?" (माझा आवाज कुठे गेला?) गंमत म्हणजे फोनवर तीच फाईल नीट दिसते.

दुसरं, लॅपटॉपवर चालवताना चित्र अडकत अडकत चालतं. कुठे कापायचं तेच कळत नाही.

तिसरं, गाण्याचं नाव मराठीत टाकायचंय. एका ठिकाणी 'अहिराणी' लिहिलं तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली.

चौथं, शेजारी पिठाची गिरणी आहे. बाकी सांगायला नको.

आणि एक शेवटचं. पुतण्याच्या जुन्या हँडीकॅमवरची २०११ सालच्या लग्नातली एक फाईल आहे, .एमटीएस अशी. त्यात आमचे सासरे ढोलकी वाजवताना दिसतात, दोन-अडीच मिनिटं. ते २०१४ ला गेले. त्यांचं हलतं चित्र आमच्याकडे एवढं एकच आहे. ते लावलं की हात हलताना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. ते तेवढं तरी नीट करून हवंय.

मी बीए मराठी आहे, कॉम्प्युटरवाली नाही. त्या हिशेबानं सांगा.

पुणेरी_पॅचवर्क

दाविंची रिझॉल्व्ह घ्या, फुकट आहे, हॉलिवूडवाले वापरतात. बाकी काही बघू नका.

शिरपूरचा जिभाऊ

ताई, आधी वरच्या भाऊंना उत्तर देतो. रिझॉल्व्ह फुकट मिळतं हे खरं आणि रंगांच्या कामात त्याच्या पासंगालाही बाकीचं काही पुरत नाही, हेही खरं. पण ते ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो तसं, नाही, कंपनीचं बंद डब्यातलं सॉफ्टवेअर आहे. तेही चालेल म्हणा, आपल्याला काम झाल्याशी मतलब. पण ८ जीबी रॅम आणि बिनग्राफिक्सच्या आय-थ्रीवर ते टाकणं म्हणजे बैलगाडीला ट्रॉलाभर ऊस जोडणं. मी हा उद्योग करून बसलोय, म्हणून सांगतो.

मी लग्नाचं शूटिंग करतो, १९९६ पासून. सुरुवातीला दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर, कटिंग म्हणजे बोटाचा नेम. मग कॉम्प्युटर आला आणि आम्ही सगळेच पॅच मारलेली सॉफ्टवेअरं वापरत बसलो, खोटं कशाला बोलू. सहा वर्षांपूर्वी एका लग्नाचा सगळा प्रोजेक्ट असाच उघडेना, नवरीचा बाप दुकानात येऊन बसला. त्या दिवसापासून केडेनलाईव्ह नावाच्या ओपन सोर्स एडिटिंग सॉफ्टवेअरवर आलो. हळद, लग्न, साखरपुडा, जाऊळ, सगळं त्यावरच.

तुमची पहिली अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, फोनची आहे. तुम्ही दिवेलागणीनंतर शूटिंग केलं ना? तिथेच ग्यानबाची मेख. फोन म्हणतो मी सेकंदाला ३० चित्रं घेतो. उजेड कमी झाला की तो गुपचूप २४-२५ घेतो, उजेड आला की परत ३०. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. आवाज मात्र सेकंदाला ४८००० नमुन्यांनी घड्याळासारखा नोंदला जातो. फोनच्या प्लेअरला प्रत्येक चित्राची वेळ वाचता येते म्हणून तिथे बरोबर दिसतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र धरून चालतं की चित्रं ठरावीक अंतरानंच आहेत, आणि तिथे चित्र आणि आवाज थोडे थोडे एकमेकांपासून सुटत जातात. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये कळत नाही. पंचवीस मिनिटांत कळतं.

उपाय सोपा आहे. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर येतं, हेही ओपन सोर्स. त्यात फाईल टाका, व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ३० करा आणि त्याखाली 'कॉन्स्टंट' निवडा. अकराच्या अकरा फायली रांगेत लावून रात्री सोडून द्या. कापाकापी कराल ती या नव्या फायलींवर. मूळ फायलींना हात लावू नका, त्या वेगळ्या डिस्कवर ठेवून द्या.

आता कशात करायचं. तुम्हाला मी शॉटकट नावाचं सॉफ्टवेअर सांगेन. मी स्वतः केडेनलाईव्ह वापरतो तरी. त्याचं असं आहे की दोन्हीच्या पोटात इंजिन एकच, एमएलटी नावाचं. आणि त्या इंजिनाच्या खाली फायली वाचायला-लिहायला एफएफएमपेग. बॉडी तेवढी वेगळी. केडेनलाईव्ह २००२ पासूनचं, लिनक्सच्या केडीई मंडळींचं, त्यात बटणं फार. शॉटकट ज्यांनी लिहिलं ते डॅन डेनेडी मूळ एमएलटी बनवणाऱ्यांपैकीच. त्याची खिडकी मोकळी आहे, आणि फोनची अशी वेडीवाकडी फाईल टाकली तर ते स्वतःच विचारतं की एडिटिंगला सोयीची करून घेऊ का. म्हणजे हँडब्रेक विसरलात तरी ते अडवेल. फक्त तिथे तीन दर्जे दाखवतं त्यातला पहिला, लहानातला घ्या. शेवटचा घेतलात तर फाईल इतकी फुगेल की डिस्क भरेल.

ओपनशॉट पण आहे, दिसायला सर्वांत सोपं. मी दोनदा प्रयत्न केला, लांब कामात माझ्याकडे मध्येच बंद पडलं. कुणाला चांगला अनुभव असेल तर असो.

अडकत चालतं त्यावर उपाय प्रॉक्सी. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करा. मग ते प्रत्येक क्लिपची एक लहानशी, हलकी प्रत बनवून ठेवतं. तुम्ही कापाकापी त्या प्रतीवर करता, शेवटी एक्स्पोर्ट करताना, म्हणजे तयार फिल्म फाईल म्हणून बाहेर काढताना, ते आपोआप मूळ मोठी फाईल घेतं. आपण लग्नाला जाताना दागिने बँकेत ठेवून खोटे घालतो तसंच समजा. आणि तुमच्या फोनमध्ये 'हाय एफिशिअन्सी' असं काही चालू असेल तर बंद करा. त्यानं फाईल एच.२६५ मध्ये होते, जागा कमी खाते पण उलगडताना जुन्या लॅपटॉपला घाम फुटतो.

सासऱ्यांची फाईल: जुने हँडीकॅम एक पूर्ण चित्र घेत नसत. आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. याला इंटरलेस म्हणतात. हात हलला की दोन अर्ध्या चित्रांत तो वेगळ्या जागी असतो, म्हणून कंगवा दिसतो. शॉटकटमध्ये त्या क्लिपचे गुणधर्म उघडा, स्कॅन मोड 'इंटरलेस्ड' आहे ना आणि 'टॉप फील्ड फर्स्ट' आहे ना ते पहा. एक्स्पोर्ट करताना डीइंटरलेसरमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ किंवा वायएडीआयएफ निवडा. कंगवा जाईल. ती मूळ .एमटीएस फाईल मात्र जिवापाड जपा, दोन ठिकाणी ठेवा. बदललेल्या फाईलवरून मूळची परत येत नसते.

मराठी अक्षरं: दुकानदार जे जुने फॉन्ट टाकतात त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठीचा मुखवटा. ते या सॉफ्टवेअरांत चालत नाहीत. युनिकोडमध्ये टाइप करा. शॉटकट आणि केडेनलाईव्ह दोन्ही वेलांट्या-जोडाक्षरं बरोबर लावतात. फॉन्ट 'टिरो देवनागरी मराठी' घ्या, फुकट आहे. नाव सांगतोय त्याला कारण आहे. पुष्कळ फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. पत्रिकेवर चालून जातं, टीव्हीवर मोठं दिसलं की म्हातारी माणसं बोलतात.

गिरणीबद्दल मला विशेष जमत नाही. मी वर गाणं टाकून मोकळा होतो.

आणि हो, आपल्याकडच्या उन्हात हे काम दुपारी करू नका. लॅपटॉप गोधडीवर ठेवून एक्स्पोर्ट लावाल तर तो मध्येच झोपेल. पाटावर ठेवा, खाली हवा खेळू द्या.

अमळनेरची सून

जिभाऊ, काय सांगू! हँडब्रेकमध्ये एक फाईल करून पाहिली. पंचवीस मिनिटं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ओठ आणि आवाज एकत्र. मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. तोंडातून आवाज येणारच, त्यात काय.

शॉटकट टाकलं. पहिल्याच दिवशी घोळ केला. सगळं काम करून ठेवलं आणि मग जागा होईना म्हणून व्हिडिओ दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले. प्रोजेक्ट उघडला तर म्हणे फायली सापडत नाहीत. मला वाटत होतं व्हिडिओ प्रोजेक्टच्या आतच असतात.

दोन प्रश्न. एक, गिरणी. दुसरा, सुरतच्या पोरांना अहिराणी अर्धीच कळते, त्यांच्यासाठी खाली मराठीत ओळी द्याव्यात असं मनात आहे. आपोआप होतं म्हणतात ते खरं का?

जळगावचा केळीवाला

ताई, प्रोजेक्टची फाईल म्हणजे फक्त यादी असते: अमुक फोल्डरमधली अमुक फाईल, या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंत. नोटपॅडमध्ये उघडून बघा, वाचता येते. फायली जुन्या जागी परत ठेवा, काम जसंच्या तसं उघडेल. इथून पुढे एका फोल्डरमध्येच सगळं ठेवायचं आणि तो फोल्डर हलवायचा नाही.

(मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घरी केळी, म्हणून हे नाव. आमच्याकडे लेवा गणबोली बोलतात, अहिराणी मला आजोळची येते.)

गिरणीसाठी ऑडॅसिटी, हे आवाजाच्या एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर. शॉटकटमधून नुसता आवाज वेव्ह फाईल म्हणून काढा, ऑडॅसिटीत उघडा. जिथे आजी गात नाहीत आणि नुसती गिरणी ऐकू येते असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडा, नॉइज रिडक्शनमध्ये जाऊन 'नॉइज प्रोफाईल' घ्या. मग सगळा आवाज निवडून तेच पुन्हा लावा. गिरणीची घरघर एकसारखी असते म्हणून ती बरीच जाते. कुत्रं, मोटारसायकल, कुकरची शिट्टी जाणार नाही, कारण ती सारखी बदलते. आणि हावरटपणा करू नका. सहा-आठ डेसिबल पुरे. जास्त केलंत तर आजी पत्र्याच्या पिंपात बसून गातायत असं वाटेल. थोडी गिरणी राहिली तर राहू द्या, घराशेजारी गिरणी आहे हे खरंच आहे की.

ओळींचं. केडेनलाईव्हमध्ये बोललेलं आपोआप लिहून देण्याची सोय आहे, व्हिस्पर नावाच्या मॉडेलवर. ते २०२२ मध्ये ओपनएआयनं खुलं केलं, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय आपल्याच मशीनवर चालतं. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, अहिराणी नाही. मी आजोळच्या एका लग्नातलं बोलणं त्याला घालून पाहिलं होतं. मराठी सांगितलं तर त्यानं मनाचंच मराठी लिहिलं. भाषा तूच ओळख म्हटलं तर ते अर्ध्या वाटेत गुजरातीत शिरलं. 'शे' ऐकून त्याला 'छे' वाटलं असणार, दुसरं काय. आणि गाणं तर त्याला त्याहून अवघड. तुमच्या आय-थ्रीवर तर एकेका गाण्याला चहा होऊन जाईल, तेवढ्यात हातानं लिहून होतं.

म्हणून हातानंच लिहा. एसआरटी, म्हणजे सबटायटलची फाईल, साध्या नोटपॅडमध्ये करता येते. वर अनुक्रमांक, खाली सुरुवातीची आणि शेवटची वेळ, त्याखाली ओळ, मग एक रिकामी ओळ. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडायला विसरू नका, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं येतील. किंवा सरळ केडेनलाईव्हच्या टाइमलाइनवर सबटायटलची पट्टी उघडून तिथेच टाइप करा, ऐकत ऐकत करता येतं. माझं मत विचाराल तर या कामासाठी केडेनलाईव्हच बरं.

एक सांगायचं राहिलं. ओळी चित्रात छापूनच काढा. वेगळी एसआरटी ठेवलीत तर टीव्ही ती वाचेलच असं नाही, आणि वाचली तरी कित्येक टीव्हींत देवनागरीच्या जागी चौकोन येतात. एक प्रत मात्र बिनओळींचीही काढून ठेवा. पुढे कुणाला अभ्यासाला लागली तर वर छापलेलं कुणाला नको असतं.

शिरपूरचा जिभाऊ

पोरगं बरोबर बोलतंय. फक्त आता ताईंना शॉटकटवरून हलवू नको रे. सबटायटलची खिडकी त्यातही आलीय, २०२४ पासून. मांडलेला संसार एका पट्टीसाठी कशाला मोडायचा.

एक्स्पोर्टबद्दल दोन गोष्टी, मला महागात पडलेल्या.

एमपी-फोर फाईलची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ९५ टक्क्यांवर लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली, तर ती फाईल उघडतच नाही. रात्रभराचं काम मातीत. एमकेव्ही हा व्हिडिओ फाईलचा दुसरा प्रकार तसं करत नाही, जेवढं झालं तेवढं चालतं. म्हणून पावसाळ्यात मी आधी एमकेव्हीत काढतो आणि मग लॉसलेसकट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून एमपी-फोर करून घेतो. त्यात चित्र नव्यानं बनत नाही, नुसता डबा बदलतो, मिनिटभराचं काम.

दुसरं, पेनड्राइव्ह. जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला, म्हणजे फॅट-३२ असेल, तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यावर जातच नाही. तुमची ४० मिनिटं आहेत. सेकंदाला ८ मेगाबिट धरले तर २.४ जीबी होतात, बसेल. पण हौसेनं २० मेगाबिट ठेवलेत तर ६ जीबी, मग ऐन कार्यक्रमात पळापळ. आणि एच.२६४ मध्येच काढा, जुन्या टीव्हीला एच.२६५ कळत नाही.

पुणेरी_पॅचवर्क

ओके, पण ट्रान्झिशन, टायटल ॲनिमेशन यात या ओपन सोर्सवाल्यांचं काहीच खरं नाही हे तरी मान्य करा.

शिरपूरचा जिभाऊ

मान्य. तयार टेम्पलेटं नसल्यातच जमा. नवरा-नवरीभोवती गुलाब उडवायचे असतील तर मलाही जीव काढावा लागतो. केडेनलाईव्ह अधूनमधून मध्येच बंद पडतं पण. त्याची बॅकअप फाईल असते म्हणून निभावतं, तरी मी दर दहा मिनिटांनी हातानं सेव्ह करतो. पण ७५ वर्षांची माय ओवी म्हणतेय, तिच्याभोवती गुलाब उडवायचे का?

अमळनेरची सून

उशिरा लिहितेय, कानबाई उठली काल. सगळं आवरून आज बसले.

फिल्म झाली. एक्केचाळीस मिनिटं. शॉटकटमध्येच केली. मला फक्त दोनच बटणं पाठ झाली, एस दाबलं की तुकडा पडतो आणि एक्स दाबलं की तो जाऊन पुढचं मागे सरकतं. सहा तासांतून एक्केचाळीस मिनिटं काढायला या दोन बटणांवरच अडीच महिने गेले. ट्रान्झिशन एकही नाही. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना सासूबाई पाणी पितात, पदर सारखा करतात, तेच ठेवलं.

गिरणी सहा डेसिबलनं कमी केली. दहा करून पाहिलं होतं, खरोखर पिंपात बसल्यासारखा आवाज आला. केळीवाल्या, तुझं ऐकलं ते बरं केलं.

ओळी लिहिताना खरी परीक्षा झाली. मला वाटायचं मला अहिराणी येते. गाण्यातले निम्मे शब्द नुसते ऐकून सोडून दिलेले, हे लिहायला बसल्यावर कळलं. रोज दुपारी भांडी झाली की लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेशी बसायचे. "हाई काय शे?" विचारलं की त्या आधी हसायच्या, मग अर्थ सांगायच्या, मग ते गाणं कुणी शिकवलं ते. म्हणजे माहेरची कोणती काकू, ती कशी होती, तिला कुठे दिलं, तिच्या सासरी विहीर किती लांब होती. तो सगळा मजकूर फिल्ममध्ये नाही. वहीत उतरवलाय, एकशे चाळीस पानं झाली.

सासऱ्यांची क्लिप बीडब्ल्यूडीआयएफनं अगदी स्वच्छ झाली. बोटं वेगवेगळी दिसतात ढोलकीवर. ती फिल्मच्या शेवटी लावायची की मध्ये, यावर घरात दोन दिवस वाद. शेवटी मध्ये लावली, सासूबाईंच्या कानबाईच्या गाण्याच्या आधी. रोट, भाजी, सगळं उरकून रात्री अकराला टीव्ही लावला. पेनड्राइव्ह चालला, २.५ जीबीची फाईल. माणसं खोलीत मावेनात म्हणून टीव्ही ओसरीवर आणला. सासरे दिसले तेव्हा कुणी बोललं नाही. सासूबाई म्हणाल्या, "तो ठेका चुकना शे," आणि मग सगळे हसले.

पण एक गोची झाली. आखाजीच्या तिसऱ्या गाण्यात त्यांनी दुसऱ्या कडव्याची ओळ पहिल्यात म्हटलीय. फिल्म चालू असतानाच सगळ्यांसमोर म्हणाल्या की हे चुकलंय, हे असं राहू द्यायचं नाही. आज सकाळपासून मागे लागल्यात. ती ओळ परत म्हणून द्यायला तयार आहेत, पण कॅमेऱ्यासमोर नको, लुगडं दुसरं आहे म्हणे. नुसता आवाज घेऊन तेवढीच ओळ बदलता येईल का?

शिरपूरचा जिभाऊ

येईल. त्या क्लिपवर उजवं बटण दाबून 'डिटॅच ऑडिओ' करा, आवाज खालच्या पट्टीवर सुटा होईल. ओळीच्या आधी आणि नंतर एस, मधला तुकडा उचलून तिथे नवीन ओळ ठेवा. दोन्ही कडांना पाव सेकंदाचा फेड द्या म्हणजे सांधा कळणार नाही.

ओठ मात्र जुळणार नाहीत. तेवढा वेळ चित्रात त्यांचे हात दाखवा, किंवा दळणाचं जातं दाखवा. आणि नवीन ओळ संध्याकाळीच घ्या, गिरणी चालू असताना. नाहीतर तेवढ्याच ओळीला गिरणी बंद पडल्यासारखी वाटेल.

अमळनेरची सून

गिरणी सहाला सुरू होते. सासूबाई साडेपाचपासून बसल्यात.